चाळिसाव्याचं ताट

मधाचं ताट घेऊन इज्जा पाहुण्यांच्या खोलीशी आली आणि ताटात काहीतरी पांढरं वळवळलं.

ती उंबऱ्यावरच थांबली. ताट मातीचं होतं, परातीएवढं, कडेला हिरवी वेल काढलेलं. एवढं मोठं ताट त्यांच्या घरात नव्हतं, म्हणून सकाळी हम्मूकाकाच्या घरून मागून आणलं होतं. मधात पोळ्याचे तुकडे ठेवले होते. त्यांतल्या एका तुकड्यावर तपकिरी झाकणं होती आणि एका फुटलेल्या झाकणातून अळी अर्धी बाहेर आली होती.

मधाच्या पोळ्यात अळी नसते. अळ्या असतात माश्या पाळायच्या आडव्या नळ्याच्या पुढच्या टोकाला, दाराजवळ, राणीच्या भोवती. तिथपर्यंत तिच्या बापाने, बिहीने, उभ्या आयुष्यात एकदाही सुरी नेली नव्हती.

"पुढे ये की, पोरी," हम्मूकाका आतून म्हणाला. "फकीह खोळंबलेत."

बिहीला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते. मशिदीच्या फकीहने कुराण वाचून संपवलं होतं, आणि गावातले वीस-बावीस पुरुष भिंतीला पाठ लावून गोल बसले होते. इज्जाने ताट आधी फकीहसमोर धरलं, मग गावच्या जमातीचा म्होरक्या इद्दर याच्यासमोर, मग वयाच्या क्रमाने एकेकासमोर. प्रत्येकाने भाकरीचा तुकडा बुडवला. कुणी बोटं चाटली. कुणी म्हणालं, "हा बिहीचा मध. असा मध आता होणे नाही."

"एक थेंब मागे ठेवला नाही," काका म्हणाला. त्याचे डोळे खरंच भरून आले होते. "म्हटलं, भावाचं चाळिसावं आहे, हात आखडायचा नाही."

ताट काकासमोर आलं तेव्हा ती अळी काठाशी आली होती. काकाने ती बोटाने बाजूला सारली आणि भाकरी बुडवली.

स्वयंपाकघरात आई चुलीपाशी बसली होती, पांढऱ्या कपड्यांत. विधवेने पाळायच्या इद्दतीचे चार महिने दहा दिवस तिला उंबरा ओलांडता येणार नव्हता. तिने ताट हुंगलं. नजर अधू झाल्यापासून ती सगळं असंच ओळखायची.

"कच्च्या पोळ्याचा वास येतोय गं."

"कधी काढला त्यांनी?"

"परवा. तू सरपणाला गेली होतीस. सुरी न्यायला आला तेव्हा म्हणाला, वहिनी, भावाचं चाळिसावं विकतच्या मधावर करायचं का? काय बोलणार मी? त्याने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं."

ताटाच्या तळाशी उरलेला मध इज्जाने चाटला नाही. ताट धुतलं आणि भिंतीला उभं करून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर ती मोहोळघराकडे निघाली. गावाच्या वर, दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ते होतं. माती आणि लाकडाची चार मजली मांडणी, प्रत्येक मजल्यावर ओळीने कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक आडवा नळा. वेताच्या कामट्या विणून वर माती-शेणाने लिंपलेला, दोन टोकांना गोल झाकणं. माश्या दरीच्या बाजूने ये-जा करायच्या, माणूस मागच्या बोळातून झाकण काढायचा. मोहोळघर सगळ्या गावाचं, कप्पे घराघराला वाटून दिलेले. बिहीचे बारा होते, दुसऱ्या मजल्यावर.

राखणदार मबारक दारातच बसला होता. इज्जाला बघून तो उठला नाही, मान खाली घातली.

"आजोबा, तुम्ही होतात ना इथे?"

"होतो."

"मग?"

"मेलेल्याच्या नावाने मागितलं, पोरी. मी म्हटलं, हम्मू, ओव्याची फुलं सरल्यावर इथे कुणी झाकण उघडत नाही. तो म्हणाला, माझ्या भावाच्या चाळिसाव्याला तू आडवा येतोस? आता ह्याला काय उत्तर द्यायचं, तू सांग."

"काठी नेली होती त्यांनी?"

"कसली काठी! बाही मागे सारली आणि हात घातला."

काठी इज्जाच्या हातात होती. अंजिराच्या लाकडाची, बापाच्या हाताने गुळगुळीत झालेली, मधे एक खाच. मागचं झाकण काढायचं आणि काठी हळूच आत सारायची. पोळ्याला लागून थांबली की बघायचं, खाच बाहेर आहे की आत. बाहेर असेल तर माश्यांकडे हिवाळ्याचं आहे. खाच आत गेली तर त्यांच्या तोंडचं आपण खाल्लं.

मबारकने वाळल्या शेणाचा धूर धरला. पहिल्या नळ्यात खाच आत गेली. दुसऱ्यात गेली. तिसऱ्यात काठी संपली आणि इज्जाचा हात कोपरापर्यंत गेला तरी काही लागलं नाही. काकाने सुरी नेली होती, तरी पोळ्यांच्या कडा बोटांनी ओरबाडल्यासारख्या होत्या. खाली सांडलेला मध मातीत कालवला गेला होता आणि त्यात माश्या चिकटून मेल्या होत्या. ती बाराव्या नळ्यापर्यंत गेली. खाच एकाही ठिकाणी बाहेर राहिली नाही.

मग तिने एकेका नळ्यावर बोटाने टकटक केलं. भरल्या नळ्यातून एकच हुंकार येतो आणि लगेच थांबतो. हे नळे थांबत नव्हते. रडत राहायचे.

"तीस वर्षं शहरात किराणा विकला त्यांनी," इज्जा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण मबारक जरा मागे सरकला. "बरणी उघडायची, हात घालायचा, बरणी रिकामी झाली की दुसरी मागवायची. एवढंच त्यांना ठाऊक."

"बदाम फुलायला अजून चार महिने," मबारक पुटपुटला.

ते तिलाही माहीत होतं. बदाम फुलले की इद्दर जमातीला घेऊन येतो आणि एकेका नळ्यावर टकटक करतो. नळा मुका निघाला तर कप्पा गावाकडे परत. मग ज्याला हवा असेल त्याने सगळ्यांसमोर मागायचा. गेल्या वर्षी काका शहर सोडून आला तेव्हा त्याने बिहीकडे चार कप्पे मागितले होते. बिही म्हणाला होता, "आधी माशी शिक. मग गावाकडे माग."

संध्याकाळी ती काकाच्या अंगणात उभी राहिली. काका डाळिंबाच्या झाडाखाली चहा पीत होता.

"ये, बस. काल पाहुणे खूश होऊन गेले बघ."

"काका, साखर हवी आहे."

"कसली साखर?"

"बाबा गेले तेव्हा आलेली." गावात कुणी गेलं की बायका निळ्या कागदात गुंडाळलेले साखरेचे सुळके घेऊन भेटायला येतात. बिहीसाठी कोपराएवढी उंच रास झाली होती. घरात पुरुष नाही म्हणून काकाने ती आपल्या घरी नेली होती. "नळे रिकामे झालेत. थंडी पडायच्या आत पाक करून घालायला हवा. एकदा गारठा आला की माश्या झुबक्यातून हलत नाहीत, समोर ठेवलं तरी खात नाहीत."

"माश्यांना साखर?" काका हसला. "तुझ्या बापाने कधी घातली होती?"

"बाबांनी कधी त्यांचं सगळं काढून घेतलं नव्हतं."

काकाने पेला खाली ठेवला. "तोंड सांभाळ. नवऱ्याच्या घरून परत आलीस तेव्हा माझ्या भावाने ठेवून घेतलं म्हणून तू आज अंगणात येऊन मला शिकवतेस. कुणासाठी काढला मी मध? विकला? घरी आणला? तुझ्या बापाच्या नावाने गावाला खाऊ घातला. लोकांनी दुवा दिली."

"दुवा दिली, खरं आहे. साखर कुठे आहे?"

"दुकानात दिली. ठेवून काय करायची? मुंग्या लागतात, पाणी सुटतं." मग जरा थांबून, मोठेपणाने, "चार सुळके आहेत. ने. तुझ्या आईच्या चहाला होतील."

चार सुळके त्याने आतून आणून तिच्या ओंजळीत ठेवले. ते नाकारून, पाठ फिरवून निघून जावं असं तिच्या पायांना वाटत होतं. पण बारा नळे रडत होते.

"बरकत येवो, काका," ती म्हणाली. हे शब्द बोलताना जिभेवर जे आलं ते तिने अंगणाबाहेर येऊन थुंकलं.

झऱ्यावर दुसऱ्या दिवशी ही गोष्ट पोचली होती. शेजारची यामना घागर बाजूला ठेवून कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"थांब, थांब. दुकानात दिली म्हणजे? अगं, मी परवा दुकानातून सुळका आणला. कागदावर मेंदीची बोटं. मी म्हटलं, ही बोटं ओळखीची वाटतात. माझ्या पोरीची, नुऱ्याचीच! लग्नाला जायचं म्हणून तिने मेंदी लावली होती आणि तशीच ती तुमच्याकडे साखर घेऊन आली होती. म्हणजे मी तुझ्या बापाला दिलेली साखर मीच परत विकत घेतली?"

बायका हसल्या. मग हसू ओसरलं.

"आणि परवा माझ्या नवऱ्याने मध खाल्ला तो?" एकीने विचारलं.

"तो माश्यांचा हिवाळा होता," इज्जा म्हणाली आणि घागर उचलली.

दुपारी यामनाने मेंदीच्या बोटांचा तो सुळका पदराआड आणून दिला. आणखी कुणाकडून काही आलं नाही. गावाने पोट भरून खाल्लं होतं, आणि खाल्लेलं परत कसं करायचं हे कुणाला सुचत नव्हतं, किंवा सुचवून घ्यायचं नव्हतं. आईने हिवाळ्यासाठी दोरीत ओवून ठेवलेली सुकी अंजिरं काढली, सगळी.

"आपण काय खाणार?" इज्जाने विचारलं.

"जव आहे. तेल आहे. मला दात तरी कुठे आहेत अंजिरं चावायला?"

त्या रात्री पाच सुळके आणि अंजिरं मोजून झाल्यावर इज्जाला कळलं की बारांना पुरणार नाही. बाप सांगायचा, थोडं थोडं सगळ्यांना दिलंस तर सगळे अर्ध्या हिवाळ्यात मरतील. सकाळी तिने एकेक नळा दोन्ही हातांनी उचलून तोलला, दारावरची ये-जा पाहिली, पुन्हा टकटक केलं. तिसरा, सातवा आणि अकरावा. हे तिन्ही हलके होते, माश्या मूठभर. अकरावा नळा बापाने तिच्या जन्माच्या वर्षी विणला होता.

तिने त्या तिघांची झाकणं बंद केली आणि बाकीच्या नऊंकडे वळली. यानंतर त्या तिघांवर टकटक करायला तिचा हात कधी धजला नाही.

पुढचे वीस दिवस ती रोज वर जात राहिली. पहाटे साखर फोडायची, अंजिरांसोबत उकळायची, मूठभर रानओवा टाकून गाळायची, कोमट होईतो डोंगर चढायचा. नळ्याच्या मागून मातीच्या बशा आत सारायच्या, त्यांत गवताच्या काड्या, म्हणजे माश्या बुडत नाहीत. बशी चाटूनपुसून रिकामी झाली की दुसरी. मग मागचं झाकण जिथे होतं तिथे न लावता पोळ्याजवळ आत ढकलायचं. घर लहान केलं की मूठभर माश्यांना ऊब धरता येते. वर शेण, माती आणि भुसा कालवून लिंपायचं, दोन थर, फट राहू द्यायची नाही. पुढचं दारही चिखलाने इतकं अरुंद करायचं की एका वेळी दोनच माश्या जातील. म्हणजे उंदीर शिरत नाही, वारा शिरत नाही, आणि दुसरीकडच्या दांडग्या माश्या लुटायला आल्या तर दोघी राखणदारणी पुरतात.

शेणमातीत हात राहून तिची नखं पिचली, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. डाव्या पापणीवर डंख बसला आणि तो डोळा दोन दिवस मिटलेला राहिला. मबारक पाणी आणून द्यायचा, माती तुडवून द्यायचा. त्याच्या परीने तो भरपाई करत होता. तिने त्याला थांबवलं नाही आणि आभारही मानले नाहीत.

एकदा काका गाढवावर बसून खालच्या वाटेने चालला होता. तो थांबला.

"काय गं, माश्यांना चहा पाजतेस? पुदिना टाकलास की नाही?"

इज्जा लिंपत राहिली.

"उगीच जीव काढतेस. बाईच्या हाताने मोहोळ टिकत नसतं. हवं तर बदामाच्या वेळी मी बघेन कप्प्यांचं. घरातली गोष्ट घरात राहील."

"आत्ताच बघा ना," ती मागे न वळता म्हणाली. "शेण तुडवायला माणूस हवाच आहे."

मबारक खोकल्यासारखं करून हसला. काकाने गाढवाला टाच मारली.

ज्या दिवशी तिने नववं दार अरुंद केलं, त्याच दिवशी दुपारी वारा फिरला. दुसऱ्या सकाळी समोरच्या डोंगराचा माथा पांढरा होता. बशीत उरलेला पाक जसाच्या तसा होता. आता माश्या हलणार नव्हत्या. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पश्चिमेच्या बाजूला जुनी पोती टांगून ती घरी आली आणि त्या हिवाळ्यात मायलेकी जवाची पेज खाऊन राहिल्या. बाप गेल्याचं रडू तिला या दिवसांत आलं, काम संपल्यावर. तेही फार नाही. एकदा त्याची काठी कोपऱ्यातून घसरून पडली, तेव्हा.

बदाम फुलले. आईची इद्दत सरली होती. इज्जाच्या खांद्यावर हात ठेवून ती पहिल्यांदाच बाहेर पडली आणि सगळा चढ चढून मोहोळघरापाशी दगडावर बसली. जमातीचे पुरुष आधीच आले होते. इद्दर, फकीह, हम्मूकाका धुतलेला पायघोळ जेलाबा घालून, आणखी दहा-बारा. चाळिसाव्याला बसलेलीच माणसं.

इद्दर एकेका कप्प्यापाशी वाकायचा, दोनदा टकटक करायचा आणि कान लावायचा. दुसऱ्या मजल्यावर तो आला.

"जिवंत," तो म्हणाला. "जिवंत." तिसऱ्यापाशी तो जास्त वेळ थांबला. पुन्हा टकटक केली. "मुका."

सातवा मुका. अकरावा मुका. बाकी नऊ नळे एकेक हुंकार देऊन गप्प झाले, भरल्या घरासारखे. आईने दगडावर बसल्या बसल्या मान हलवली. तिला तिथपर्यंत ऐकू आलं होतं.

"नऊ," इद्दर म्हणाला. "अशा वर्षात नऊ खूप झाले. तीन गावाकडे आले. नळे बाहेर काढ, पोरी. ते तुझे आहेत. कप्पे कुणाला हवेत त्याने मागा."

इज्जाने अकरावा नळा ओढून काढला आणि लिंपण फोडलं. पुढच्या टोकाला तळहाताएवढं पोळं उरलं होतं. त्यावर माश्या होत्या, अगदी दाटीने, पण एकीचंही तोंड दिसत नव्हतं. प्रत्येक माशी डोकं कोरड्या कोठीत खुपसून मेली होती. शेवटचा थेंब शोधताना, जितकं आत जाता येईल तितकं आत जाऊन. बाहेर फक्त पाठी होत्या, ओळीने.

तिने टोपलीतून ताट काढलं. मातीचं, कडेला हिरवी वेल. पोळं त्यात ठेवलं आणि ती आधी फकीहसमोर गेली.

"हे काय?" तो म्हणाला आणि मग त्याला दिसलं.

मग इद्दरसमोर. मग वयाच्या क्रमाने एकेकासमोर, चाळिसाव्याला गेली होती तशीच, ताट दोन्ही हातांनी धरून, डोळे खाली. एकाने हात नकळत पुढे केला आणि मागे घेतला. ती काकासमोर आली आणि थांबली.

इद्दर म्हणाला, "तीन कप्पे आहेत. कुणी मागतंय?"

सगळे काकाकडे बघत होते. काकाने ताटाकडे पाहिलं नाही. त्याने बदामांकडे पाहिलं, घसा साफ केला.

"माझ्या भावाचे कप्पे ते," तो म्हणाला. "मी कसे मागेन? पोरीने मेहनत केली आहे. राहू देत तिच्याकडेच. माझ्याकडून म्हणा हवं तर."

"वा, हम्मू," फकीह म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. "मोठं मन."

"मोठं मन," आणखी दोघे-तिघे म्हणाले. माना हलल्या. कुणी उठून कपड्यांवरची माती झटकली. झालं होतं. त्यांच्या दृष्टीने सगळं नीट मिटलं होतं, आणि देणारा हम्मू ठरला होता.

इज्जा जागची हलली नाही.

"काका, हे ताट तुमच्या घरचं. चाळिसाव्याला मागून आणलं होतं, द्यायचं राहून गेलं." तिने ते त्याच्या हातांजवळ नेलं, इतकं की त्याला धरावंच लागलं. "मागून आणलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. म्हणून थांबले होते."

ती वळली आणि आईचा हात धरून तिला उतारावरून खाली नेऊ लागली. मागे काका जमातीच्या मधोमध उभा होता, दोन्ही हातांत ताट घेऊन. खाली ठेवायला जागा होती, पण सगळे बघत असताना त्याला ते खाली ठेवता येईना.